नवतप्यातली खाली बशी

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते जाळणारे नऊ दिवस, लागला की नागपूरचा माणूस कोणावरच विश्वास ठेवत नाही. कूलरवर नाही, लाइटीवर नाही, आणि टरबूजवाल्यावर तं बिलकूलच नाही. "लालच निघंन ताई," तो म्हणते. आपण म्हणतो, चाकू मारून दाखव. तो चाकू मारते, तिकोना काढून समोर धरते, लालभडक. तरी आपण डोळे बारीक करून विचारतोच, "इंजेक्शन गिंजेक्शन तं नाही ना दिलं गा याले?"

आता मी कोणाले नाव ठेवू? माझं पोटच इंजेक्शनवर चालते.

आज सकाळी घरच्या कूलरची खस, म्हणजे वाळ्याची ताटी, बदलली. जुनीत सालभराची धूळ बसलेली. नवी लावली, पाणी सोडलं, आणि तो पहिला ओला वास खोलीभर झाला. लोकांले या वासानं आंबे आठवतात, मामाचं गाव आठवते. मले बशी आठवते. प्लास्टिकची, तळहातात मावंल एवढी बशी, आणि तिच्यात मागच्या नवतप्यात आम्ही सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलेलं एक गोल, ज्याच्यावर माझा आजही भरवसा नाही.

आमची लॅब कोराडी रोडवर आहे, शहर संपते आणि वीजघराच्या चिमण्या दिसाले लागतात त्या तोंडाशी. गाईच्या अंडाशयातून सुईनं अंडी काढायची, बशीत गर्भ बनवायचा आणि दुसऱ्या गाईच्या पोटात नेऊन ठेवायचा, असं आमचं काम. नोकरी लागली तेव्हा बाबांनी पहिले हेच विचारलं.

"गाय अंडे कधीपासून द्याले लागली वं?"

"सगळ्यांचेच असतात बाबा. कोंबडीचे दिसतात, एवढंच."

"मंग तुह्या मायले नको सांगू. उद्यापासून ती दुधाची पिशवी उजेडात धरून बसंन."

पारशिवनीच्या शाळेत मी दोन गोष्टी शिकली, जीवशास्त्र आणि हेडमास्तरचा आवाज. पहिलीचे मार्क मिळाले, दुसरीसाठी वर्गाबाहेर उभी राहिली. लॅबमध्येही सवय सुटली नाही. इन्क्युबेटरचा अलार्म मी तोंडानं असा काढते, की एकदा लॅबचे सर हातातला डबा टाकून धावत आले. तेव्हापासून अलार्म खरा वाजला तरी सर आधी माझ्या तोंडाकडे पाहतात, मग मशीनकडे. पण नकला करणाऱ्याचं एक असते. त्याले दुसऱ्याची नक्कल लवकर ओळखू येते. मी सगळ्यांले हसवते आणि कोण खरं हसलं हे पाहत बसते. असा स्वभाव चांगला नाही म्हणतात. असंन.

नवतप्यात आमच्या धंद्याचं सगळं उलटं होते. बाकी जगात इन्क्युबेटर गरम ठेवाले लागते, आमच्याइथं त्याले थंड ठेवता ठेवता घाम फुटते. आत गाईच्या पोटाएवढं साडेअडतीस, बाहेर सत्तेचाळीस. लाइट गेली, एसी बंद पडला, की डबा आपला आपण तापाले लागते. आणि लाइट जाते. खिडकीतून चिमणीचा धूर दिसून राहिला, वीज डोळ्यासमोर बनून राहिली, आणि आम्ही जनरेटरसमोर हात जोडून उभे. लॅबच्या गोठ्यातल्या गाईंचंही तसंच. दिवसभर धापा टाकणाऱ्या गाईची अंडीही हारलेली निघतात, थोडी निघतात आणि काळपट निघतात. या दिवसांत शहाणा माणूस हे काम काढत नाही. आम्ही काढलं, कारण सुईचं मशीन उसनं आणलेलं होतं आणि पाऊस लागायच्या आधी ते परत जाणार होतं. आणि दुसरं कारण लीलामावशी.

लीलामावशी माझ्या आईची मैत्रीण. पारशिवनीच्या पुढं आमचं गाव, तिथं आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिचा गोठा. त्या गोठ्यात वजीर होता. गवळाऊ जातीचा सांड, पांढराफेक, लांबट तोंडाचा, डोळे बदामासारखे तिरपे. त्याचे गोऱ्हे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, असे सुटायचे की मागून फक्त धूळ दिसायची. वजीर चालला की मावशी चार पावलं मागं चालायची, नवऱ्यामागंही ती अशी कधी चालली नसंन. तो एका उन्हाळ्यात पोट फुगून गेला. डॉक्टर येईपर्यंत थांबलाच नाही. मागं राहिली गवरी, जवान गाय. गाव म्हणे, आणा दुसरा सांड, नाहीतर कोणत्याही जातीचं बी भरून घ्या. मावशी म्हणे, वासरू होईन तं वजीराचंच. म्हणून गवरी खाली राहिली. गाभण नाही, दूध नाही, आणि वैरण तं रोज लागते.

वजीराच्या दोनच कांड्या उरल्या होत्या. कांडी म्हणजे वीर्य भरून गोठवलेली बारीक नळी. नायट्रोजनच्या टाकीत बुडून राहिली तं ती कितीही वर्षं टिकते. पण या कांड्या गुरांच्या दवाखान्यातल्या ज्या टाकीत होत्या ती कधीतरी उन्हाळ्यात कोरडी पडली, आणि कोणीतरी गुपचूप परत भरून ठेवली. कोणी, कधी, हे कोणीच सांगत नाही. ती टाकी सांभाळणाऱ्या तिघांचेही आवाज मी काढते. पहिला, "माह्या टायमाले फुल होती." दुसरा, "मी तं सुट्टीवर होतो जी." तिसरा, "टाकीच खराब असंन, कंपनीले विचारा." तिघंही एकाच सुरात, मान खाली घालून, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आधी. खरं बोलणाऱ्याले थोडं तं आठवावं लागते ना बावा.

आमची शंका खरी निघाली. पहिली कांडी वितळवली तं शुक्राणू सगळे पडून, एकाचीही शेपटी हालंना. असे पडलेले आपणहून अंड्यात जाऊ शकत नाहीत. मग एकच रस्ता. काचेच्या बारीक सुईत एक शुक्राणू ओढायचा आणि अंड्याच्या आत नेऊन सोडायचा. त्याच्यासाठीच ते उसनं मशीन.

आणि इथं गाईचं अंडं आपला नखरा दाखवते. शुक्राणू स्वतः आला तं तो अंड्याले जागं करते. अंड्याच्या आत कॅल्शियमच्या लाटा उठतात, एकीमागं एक, कोणी दार वाजवतच राहावं तशा. मग अंडं उठते आणि कामाले लागते, एकाचे दोन, दोनाचे चार. पण सुईनं सोडला तं? माणसाच्या अंड्याले बहुधा चालते. गाईचं अंडं बहुतेक वेळा कूसही बदलत नाही. पाहुणा आत येऊन बसला, त्यानं बॅगही उघडली नाही, आणि घरमालकीण घोरून राहिली. म्हणून बाहेरून औषध द्यावं लागते. एक औषध कॅल्शियमचा मोठा धक्का देते, दुसरं त्या अंड्याले परत झोपू देत नाही. अंड्याले वाटते, आला वाटते कोणी.

म्हणजे औषध शुक्राणूची नक्कल करते. मले हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी खुश झाली, आपल्या बिरादरीचं कोणी भेटलं म्हणून. मग झोपताना विचार आला आणि खुशी उतरली. नकलेचा माल मले माहीत आहे. ऐकणारा फसला की नकलेचं काम झालं. खरा माणूस घरात आहे का नाही, याच्याशी तिचं देणंघेणं नाही. आत शुक्राणू असो नसो, औषध दोन्ही अंड्यांले उठवते. बिनबापाचं अंडंही दोन होते, चार होते, मस्त गोल गर्भ बनून दाखवते. पोटात ठेवलं तं थोडे दिवस राहते आणि विरून जाते. वासरू कधीच होत नाही. पण मायक्रोस्कोपखाली दोघं सख्खे भाऊ दिसतात.

म्हणून खाली, म्हणजे रिकामी, बशी ठेवायची असते. तिच्यातही अंडीच असतात, पण त्यांले रिकामी सुई टोचायची, शुक्राणू नाही, आणि औषध मात्र तेच. खऱ्या बशीतली जेवढी उठली तेवढीच खाली बशीतली उठली, तं समजायचं, उठवणारं औषध आहे. वजीर नाही.

मागच्या नवतप्यात सरांनी खाली बशी ठेवलीच नाही.

सर पुण्याकडचे. माणूस वाईट नाही, पण हातात आलेलं अंडं वाया गेलेलं त्यांले सहन होत नाही.

"प्रणाली, अंडी किती आलीत ते दिसतंय ना तुला? त्यातली अर्धी मी रिकामी टोचायला देऊ?"

"मग कळंन कसं सर?"

"गर्भ झाला की कळेल."

"गर्भ तं औषधानंही होते."

"तू फार संशयी आहेस बरं का."

ते 'बरं का' मी आजही हुबेहूब काढते. तेव्हा मात्र पुढची बशी त्यांच्याकडे सरकवली.

अंडी उठली. दोन झाली, चार झाली. लॅबची पोरं टाळ्या वाजवून राहिली, कोणीतरी पेढे आणले. मी पेढा हातात धरून विचार करत राहिली. या उन्हात? ही हारलेली अंडी? त्या पडलेल्या शुक्राणूंनी? जे अंडं मी पहिल्या दिवशी आकारावरून वाया धरलं होतं, तेही उठून बसलेलं. एवढं चांगलं होत असलं की मले घराची कडी लावली का नाही, असं वाटाले लागते. शेवटपर्यंत एकच गर्भ टिकला. सुंदर होता, खोटं कशाले बोलू. पाण्याचा थेंब आतून उजळावा तसा. सरांनी मोबाईलवर फोटो काढला आणि काहीतरी टाइप करत बसले.

"काय लिहून राहिले सर?"

"मावशींना पाठवतोय. वजीरचं बाळ."

"वजीर लिहू नका ना. नुसतं बाळ लिहा."

सरांचा अंगठा थांबला. "चार पेशी काढून बाप कोण ते तपासता आलं असतं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण आपला हात बसलेला नाही. एकच आहे, फुटलं तर काय करायचं?"

फोटो गेला नाही. पण गर्भ घेऊन गाडी मावशीच्या गावाले निघाली.

त्या दुपारचा रस्ता मले अजून दिसते. डांबर पातळ झालेलं, दोन्हीकडची शेतं रिकामी, हवा अशी थरथरून राहिली की समोरून येणारा ट्रॅक्टर आधी पाण्यावर तरंगते आणि मग जमिनीवर येते. डोळ्यांवरही विश्वास ठेवू नये असे दिवस. गावात पोचलो तं गवरी धुऊनपुसून उभी, शिंगांले हळद. मावशी पदरानं तिले वारा घालून राहिली होती.

"काय वं पोट्टे, आणलं का माह्या वजीराले?"

मी गर्भाचा डबा सांभाळत गाडीतून उतरली. आणि माझं तोंड बंद दिसलं की मावशीले शंका येतेच.

"काहून वं? शाळेत असतानी वजीराचा आवाज काढून गल्ली हालवत होती. आज जीभ गिळली का?"

"काढू?"

"काढ ना मंग."

मी काढला. आधी पोटातून, मग नाकातून, शेवटी तो घोगरा तुटलेला सूर, जो फक्त त्याचाच होता. गवरीनं दोन्ही कान उभे केले. दाव्याले ताण देऊन दाराकडे वळली आणि हळूच हुंकारली. मावशी आधी हसली. मग गवरीच्या नजरेमागं तिचीही नजर दाराकडे गेली, आणि तिचं हसू तिथंच सुकलं.

दारात नुसतं ऊन होतं.

"बस कर वं," ती म्हणाली.

तेव्हा मले राहवलं नाही. "मावशी, गवरीले वाटलं वजीर आला. अंड्यालेही तसंच वाटलं असंन. आम्ही औषधानं त्याचा आवाज काढला. आत वजीर आहे का नाही, मले माहीत नाही. सरांलेही माहीत नाही."

मावशी सरांकडे वळली. "खरं बोलून राहिली का ही?"

सरांनी रुमालानं मान पुसली. "हो."

"मंग एवढ्या उन्हात काहून आणलं जी?"

"असूही शकतो म्हणून."

मावशीनं गवरीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "ठेवा. पण मले कोणी मुबारक देऊ नका."

गर्भ ठेवला. पाऊस आला, कपाशीची पऱ्हाटी लागली, आणि गवरी माजावर आली नाही. गाव मावशीले पेढे मागाले लागलं. मावशी मले फोन करे. "पोट्टे, शांत आहे ती. खाते, बसते, रवंथ करते." मी म्हणे, "बिनबापाचा गर्भही थोडे दिवस गाईच्या अंगाले फसवते मावशी." "तुह्या तोंडातून मेलं चांगलं काही निघतच नाही," असं म्हणून ती फोन ठेवून दे. पण पेढे तिनंही वाटले नाहीत. माझी शंका मी तिच्या घरात सोडून आली होती, आणि ती तिथं गवरीशेजारी बसून राहिली होती.

आषाढ सरताना फोन आला. मागं गवरीचं हंबरणं ऐकू येऊन राहिलं होतं. माजावर आली होती.

"मंग एवढे दिवस कोण होतं वं तिच्यात?" मावशीनं विचारलं.

मी म्हणाली, दोन्ही होऊ शकते मावशी. खरा गर्भही कधी कधी टिकत नाही. वजीर येऊन गेला, का तो आलाच नव्हता? खाली बशी असती तं थोडं तरी सांगता आलं असतं. माणूस गेला तं रडता येते, आलाच नसंन तं शिव्या देता येतात. मावशीले दोन्ही करता येईना. ती नुसती "बरं" म्हणाली.

मशीन या फागुनात परत आलं. या वेळेस सरांनीच आधी खाली बश्या मांडल्या. आमच्या गोठ्यातल्या गाईंची अंडी, रिकामी सुई, आणि मागच्या साली दिली होती तीच दोन औषधं. दुसऱ्या दिवशी पाहतो तं खाली बशी पटापट उठलेली. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही, आणि बाया दारात रांगोळ्या काढून तयार. सर मायक्रोस्कोपवरून उठले आणि मागच्या सालची वही काढून बसले. 'बरं का' म्हणाले नाहीत.

मग दुसरं औषध काढून टाकलं. पहिल्याची ताकद कमी केली. खाली बशी झोपून राहाले लागली. तं मले नवीन शंका. औषधच तं मेलं नाही? सदर भागातल्या कुरिअरवाल्याकडून आणलं तेव्हा डब्यातला बर्फ वितळलेला होता. म्हणून दुसऱ्या सांडाचे शुक्राणू टोचून तेच हलकं औषध दिलं. थोडी उठली. लय थोडी. पण जी उठली ती आतल्याच्या हाकेनं उठली, औषधानं नुसता हात दिला. असं शिकता शिकता परत नवतपा येऊन ठेपला आणि मशीनवाल्यांचे परत फोन सुरू झाले.

मी मावशीले फोनवर सगळं सांगितलं. कांडी शेवटची आहे. जड औषध दिलं तं गर्भ जास्त होतीन, पण शंका राहीन. हलकं दिलं तं कदाचित एकही होणार नाही. आणि अर्धी अंडी खाली बशीत घालावी लागतीन.

तिकडं तिनं कूलर बंद केला. मग मावशी म्हणाली, "मागच्या टायमाले बाया विचारत, काय झालं वं लीला? मी काय सांगू? गेला म्हणू, का आलाच नाही म्हणू?" तिनं कूलर परत लावला. "हलकं दे."

परवा कांडी वितळवली. काल दुपारी मावशी बसनं आली, तोंडाले दुपट्टा गुंडाळून, न सांगता. सर पहिल्यांदा नाही म्हणाले, मग त्यांनीच तिच्या डोक्यावर टोपी चढवली, चपला बाहेर काढाले लावल्या. मीही अजून बश्या पाहिल्या नव्हत्या.

"पहिले कोणती दाखवू?"

"खाली."

तिनं एक डोळा मिटून दुसरा लावला. "गोल गोल आहेत वं. एकेकटे."

"हो."

"कोणीच नाही उठलं?"

मी पाहिलं. सरांनी पाहिलं. कोणीच नाही.

मग दुसरी बशी. तिच्यातही बहुतेक सगळी झोपलेली. मी पुढं पुढं सरकवत गेली, आणि काठाशी एकाच्या मधोमध बारीक रेघ. एकाचे दोन झालेले. मी मावशीले जागा दिली.

"हा?"

"हा उठला. पण मावशी, दोनच झाले आहेत. अजून लय बाकी आहे, मधातच थांबू शकते. आणि एखादं असंच, चुकूनही उठते..."

"तू चूप वं."

सर मागून म्हणाले, "लवकर, आत ठेवायचंय." मावशी बाजूला झाली. तिच्या चेहऱ्यावर मी खुशी शोधून राहिली होती, ती काही सापडंना.

"मी कोणाले सांगत नाही," ती म्हणाली. "तू बी नको सांगू. गवरीले बी नको."

मी ती बशी इन्क्युबेटरमध्ये ठेवून आली. मले वाटलं, आता ही निघंन, चपला घालंन, तीनची बस पकडंन. ती हालली नाही.

"परत एकदा ती खाली बशी दाखव."

मी लावून दिली. या वेळेस ती घाई न करता एकेक गोल पाहत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गोठ्यात एकेक दावं तपासावं तशी. एकही रेघ नाही. नुसत्या औषधानं एकही उठलेलं नाही, सगळी गाढ झोपलेली.

"कोणीच नाही," मावशी म्हणाली, आणि डोळा तिथंच ठेवून हसाले लागली.